नावाशिवाय वाचलेली पानं

दादा गेला तो सोमवार होता. सकाळी त्याने चहा घेतला, दुपारी तो गेला. संध्याकाळी आम्ही घाटावरून परत आलो.

उत्तरेकडच्या या शहरात, नगरा मोहल्ल्यातल्या घरात मी आणि वहिनी उरलो. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, लग्न केलं नाही. बोलण्यापेक्षा वाचणं मला नेहमी सोपं गेलं. वहिनी गुरसरायच्या बुंदेली घरातली. इतकी वर्षं आमच्यात राहून ती मराठी बोलते, पण वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपतं. मला मात्र 'वन्सं' म्हणते. आईने शिकवलेला तो शब्द तिने सोडला नाही.

गल्लीत कुणाचं नळाचं, नालीचं, दाखल्याचं काम अडलं की लोक तिच्याकडे येत. ती अर्ज लिहून द्यायची, सोबत खेटे घालायची. दादा गेल्यावर ती दार वाजलं तरी उठेना. दुपारभर पलंगावर बसून राहायची. मी पुस्तक उघडून शेजारी बसायचे आणि पान उलटायला विसरायचे.

अशात आमच्या इथल्या मराठी मंडळाला महापालिकेचं एक पत्र आलं. शहराची नागरिक सनद नव्याने लिहायची होती: कोणतं काम किती दिवसांत व्हावं, नाही झालं तर कुणाला विचारावं. ती लिहिणाऱ्या समितीवर बिनपगारी काम करायला आमच्यातून एक माणूस हवा होता. मी पत्राची प्रत वहिनीपुढे ठेवली. तिने उठून चष्मा शोधला. दोनदा वाचलं.

"वन्सं, ये तो मेरा काम है," ती म्हणाली. आणि मग, "पण मला कोण पाठवणार?"

खरंच होतं. गणपतीतल्या पहिल्या आरतीचा मान कुणाचा, याची मंडळात एक यादी आहे. दक्षिणेतून इथे कोणतं मराठी घर आधी आलं, त्या क्रमाने. आरतीपुरती ती ठीकच आहे. पण आम्ही तिच्यावरूनच सगळीकडे माणसं पाठवतो. मागे एका समितीसाठी यादीतल्या पहिल्या घरच्या काकांचं नाव गेलं. त्यांना वगळणं म्हणजे त्यांचा अपमान, त्यांनी नाही म्हणणं म्हणजे मंडळाचा. म्हणून दोन्हीकडचे गप्प राहिले, आणि ती खुर्ची मुदत संपेपर्यंत रिकामी राहिली. आमचं घर यादीत अगदी तळाला. दादा गेल्यावर तर तिथेही कुणी उरलं नव्हतं, कारण यादीत सुना आणि बहिणी नसतात.

मानिक चौकामागे मंडळाची खोली आहे. तिथल्या बैठकीत मी आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिले. म्हणायचं ते कागदावर लिहून नेलं होतं.

"ज्यांना जायचंय त्यांनी एक पान लिहावं," मी वाचलं. "शहरातलं एखादं काम तुम्ही शेवटपर्यंत कसं नेलंत, आणि त्यात कुठे चुकलात. पानावर नाव नको. पानं इथे वाचायची आणि हात वर करून एक निवडायचं."

"वाचणार कोण, तुम्ही?" चिटणीस म्हणाले. "म्हणजे घरचं पान सगळ्यात गोड आवाजात."

"तुम्ही वाचा. टाइपही तुम्हीच करा. नावं बंद पाकिटात राहू द्या."

"आणि यादीचं काय करायचं?"

"ती आरतीला आहेच की."

मागे कुणीतरी हसलं. तेवढ्यात पहिल्या घरचे काका काठीवर भार देऊन उठले. "मागच्या वेळी माझं नाव पाठवलंत," ते म्हणाले. "तेव्हा माझा खुबा मोडलेला. जिना उतरवत नव्हता. कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. या वेळी पानं येऊ द्या."

त्यांच्यापुढे कोण बोलणार? पंधरा दिवसांची मुदत ठरली. समितीचं काम हिंदीत, म्हणून पानंही हिंदीत.

वहिनीने पान चार वेळा फाडलं. मी ते वाचायला मागितलं नाही.

एकूण सात पानं आली. चिटणिसांनी ती चांगली वाचली, हे मला कबूल केलं पाहिजे. हिंदी क्रियापदांवरून लिहिणारी बाई की पुरुष ते कळत होतं, पण बायकांचीच पानं तीन होती. पाचव्या पानात नळाच्या घाण पाण्याची गोष्ट होती. लिहिणारी आठ महिने चुकीच्या कार्यालयात जात राहिली. पावती मागायची असते हे तिला ठाऊक नव्हतं. अर्ज हरवला तेव्हा समजलं. मग तिने सगळं पुन्हा केलं, पाणी स्वच्छ आलं, आणि गल्लीतल्या चार जणींना तिने पावती घ्यायला शिकवलं. शेवटी लिहिलं होतं, चुकीच्या दारी दिलेला अर्ज बरोबर दारी पोचवणं कुणाचं काम, हे सनदेत आलंच पाहिजे.

"पाचवं," काका म्हणाले. "ही कोण असेल तिला पाठवा."

हात वर झाले. मोजावे लागले नाहीत. चिटणिसांनी पाकीट उघडलं, चिठ्ठी पाहिली आणि वहिनीकडे वळले. "भाभीजी, तुमचं आहे."

"आरतीचं दुसरं कडवं येत नाही, आणि मंडळातर्फे जाणार," मागून एक जण म्हणाला.

"दुसरं येतं, भैया," वहिनी म्हणाली. "तिसऱ्याला तो आप भी सिर्फ होंठ हिलाते हैं."

खोलीभर हसू पसरलं. तोही हसला, आणि पुढे येऊन त्यानेच तिच्यासाठी फॉर्म भरायला पेन दिलं.

मानिक चौकातून परतताना ती माझ्या पुढे चालत होती. गर्दीत तिला गाठायला मला पाय उचलावे लागले. चुकीच्या दारी दिलेल्या अर्जाचं तिचं ते वाक्य पुढे सनदेच्या मसुद्यात गेलं, तिच्याच शब्दांत. शेजारच्या दोन मोहल्ल्यांनी आमच्या निवडीची पद्धत लिहून मागितली. ती मी सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहून दिली.

दादा नाही. घरात आम्ही दोघी आहोत. महिन्यातून दोनदा समितीची बैठक असते, आणि त्या दिवशी स्वयंपाक मी करते.