टेबलावरचं मीठ

मास्तरांनी मिठाची बाटली जोरात हलवली, आणि झाकण निघून सगळं मीठ पास्त्यावर आणि टेबलावर पडलं. तीन महिने लेकीकडे राहून ते कालच परतले होते आणि आज दुपारी लगेच कोपऱ्यावरच्या पाच टेबलांच्या इटालियन हॉटेलात येऊन बसले होते.

हॉटेलवाले मामा दुसरी प्लेट घेऊन आले. मास्तर ओशाळले, पण त्यांची जीभ कुठली गप्प बसायला!

"चूक तुमचीच, मामा. पास्ता अगदी अळणी! आणि या बाटल्या कधीपासून ठेवायला लागलात?"

इथे टेबलावर मीठ कधीच नसायचं. मामा रांधायचे, पण स्वतः चाखायचे नाहीत. गल्ल्यावरच्या मामी उठून प्रत्येक भांड्यात चमचा बुडवायच्या. वरून मीठ मागणाऱ्याला, "माझी जीभ काय भाड्यानं आणलीय?" म्हणून झापायच्या. तीस वर्षं असंच चाललं होतं.

"मामींनी या बाटल्या बघितल्या तर तुमची धडगत नाही! आहेत कुठे त्या?"

मामा सांडलेलं मीठ तळहातानं गोळा करत राहिले.

"ती गेली, मास्तर. आता ज्याचं मीठ त्यानंच घालून घ्यायचं."