पाणी दाखवणं

गाडी घेतली ती आईसाठी. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा तिला सणसरहून बारामतीला डायलिसिसला न्यायचं, तेही वडाप जीपमध्ये चेंगरून, हे बघवत नव्हतं. म्हणून अंगानं लहान पण आतून ऐटदार अशी ऑटोमॅटिक गाडी घेतली. गावात काहीजण हसले, एवढ्याशा गाडीला एवढा रुबाब कशाला म्हणून. मी गणिताचा मास्तर. मला मापात बसणाऱ्या गोष्टी आवडतात.

घरातही मापाचंच राज्य होतं. डॉक्टरांनी आईला दिवसाला अर्धा लिटर पाणी सांगितलं होतं. सकाळी फिल्टरचं पाणी बाटलीत भरायचो आणि बाटलीवर मार्करनं ओढलेल्या रेघा तिला दाखवायचो: दुपारपर्यंत एवढं, संध्याकाळपर्यंत एवढं. गाडीत इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटच्या डब्याला कंपनीनंच रेघा दिलेल्या. शाळेत निघताना बॉनेट उचलून डबा बघायचा, शाळेतून आल्यावर बाटली बघायची. दोन्हीकडं पाणी रेघेला रेघ. या शिस्तीचा मला गर्व होता, आता सांगायला लाज वाटते.

पहिल्यांदा वास आला. एसी लावला की गाडीत काहीतरी गोडसर यायचं, काकवीसारखं. पण दिवस ऊस गळिताचे, आमच्या सगळ्या मुलखालाच तेव्हा मळीचा वास सुटतो. मी साखर कारखान्याला नावं ठेवली आणि काच वर केली. मग कूलंटचा गुलाबी रंग फिका पडत गेला, पार पाणचट चहासारखा झाला. सर्व्हिसिंगला बारामतीच्या मिस्त्रीनं खाली वाकून बघितलं.

"सर, ह्या गाडीच्या पंपाच्या प्लॅस्टिकला चीर जाती. नेहमीचं दुखणं हाय. डबा खाली व्हतोय का?"

"रेघ हलत नाही," मी म्हणालो.

"मग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, पण लगेच उठला नाही.

त्याच आठवड्यात डायलिसिसच्या सिस्टरनं आईचं वजन घेतलं आणि तिच्या पायावर बोट दाबलं. पडलेला खळगा कितीतरी वेळ तसाच राहिला. "पाणी जास्त होतंय का?" तिनं विचारलं. मी तोऱ्यात सांगितलं, बाटलीला रेघा आहेत, वर एक थेंब नाही. आई खिडकीबाहेर बघत होती.

पुढच्या खेपेला आईला पहाटेपासून धाप लागली होती. ठरलेल्या वेळेच्या आधीच निघालो. शेजारी वडील, आमचे आबा, मागं आई उशीला टेकून. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या, त्यांच्यामागं रांगत चाललो होतो. बारामती सात-आठ किलोमीटरवर आली आणि स्टिअरिंगपुढं तापमानाचा तांबडा दिवा लागला. बॉनेटच्या फटीतून वाफ आली. गाडी कडेला घेतली तशी ती बंद पडली. मागून आईच्या श्वासाचा आवाज येत होता, तेवढाच.

आबा पाण्याचा कॅन घेऊन उतरले आणि बॉनेटची कडी त्यांनी न चाचपडता उघडली. रोजचा हात असल्यासारखी.

"सकाळीच तर पाणी दाखवलं व्हतं हिला," ते पुटपुटले.

"काय केलं होतं?"

"रोज दाखवतो, तू उठायच्या आधी. जित्राब पाणी दाखवल्याबिगर भाईर काढू न्हाय."

आमच्याकडं बैल जुंपायच्या आधी त्याच्या तोंडापुढं बादली धरतात, त्याला पाणी दाखवणं म्हणतात. प्यायचं का नाही ते त्यानं ठरवायचं. आबांनी ती बादली गाडीपुढं धरली होती, बोअरच्या खाऱ्या पाण्याची. डबा रोज गळत होता, आबा रोज भरत होते आणि मी रोज रेघ बघून खूश होत होतो. मी भर रस्त्यात वडिलांवर ओरडलो. नको नको ते बोललो. ते कॅन धरून उभे राहिले.

एका पिकअपवाल्यानं आम्हाला दवाखान्यात पोचवलं. आईच्या फुप्फुसात पाणी झालंय, डॉक्टर म्हणाले आणि तिला आत नेलं. आबा आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. दुपारी, गाडी ओढून नेलेल्या मिस्त्रीचा फोन आला.

"सर, हेड गॅस्केट गेलंय. आत सगळा पांढरा खार धरलाय. पाणी कोण घालत व्हतं हिच्यात?"

मी फोन ठेवला. मांडीवर आईची पिशवी होती, त्यात सकाळी घाईत टाकलेली कालचीच बाटली. सहज उजेडाकडं धरली. पाणी बरोबर रेघेला होतं. तळाला पांढरा थर धरला होता. फिल्टरच्या पाण्याला खार धरत नाही.

"आबा," मी म्हणालो, "बाटलीतपण?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "तू शाळंत गेल्यावर मागायची रं ती. म्या नुसतं दाखवायचो."

रस्त्यात गाडीसाठी ओरडलो होतो. आता बाटली परत पिशवीत ठेवली. आई माझ्याकडं पाणी कधी का मागत नव्हती, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. दार उघडून सिस्टरनं नातेवाईक कोण म्हणून विचारलं, आणि आम्ही दोघंही बाकावरून उठलो नाही.