खोकला माझा, चौकशी सरांची

"तासाला म्यूट करून खोकत जा. तुझ्या खोकल्यापायी विद्यार्थ्यांनी माझ्या घरी ऑक्सिमीटर पाठवलाय. वर सूप."

विभागप्रमुखांचा फोन. ते नेरूळच्या फ्लॅटमध्ये ठणठणीत. मी तळवलीत, भाड्याच्या खोलीत, कोरोना पॉझिटिव्ह. ऑक्सिमीटर कुठल्याच दुकानात मिळत नव्हता. तो मला द्यावा, हे त्यांच्या मनातही आलं नाही. मीही मागितला नाही. "सॉरी सर" म्हणालो.

नोकरी सांभाळून एमबीए करणाऱ्यांना मी ऑनलाइन शिकवत होतो. बँकांतले, कंपन्यांतले ऑफिसर. बरेचसे माझ्याहून मोठे. लॉकडाउनमुळे अॅडमिशनही घरबसल्या झालेल्या, त्यामुळे सरांना कुणी पाहिलेलं नव्हतं. विषय सरांच्या नावावर, शिकवायचा कंटाळाही सरांनाच. मला तासिका तत्त्वावर घेतलं तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, "माझ्या नावाने लॉगिन कर. कॅमेरा बंद. तुझं आडनाव वाचलं की कोट्यातला माथी मारलाय म्हणतील."

मी हो म्हणालो. पदव्या दोन, नेट पास, आणि तरी हो म्हणालो. त्याची लाज आजही वाटते.

त्या संध्याकाळी तापातच तास सुरू केला. सीवूड्सच्या एक मॅनेजरबाई आधी बोलल्या, सरांचं नाव घेऊन. "बरं वाटतंय ना आता? सूप आवडलं?"

"हो. थँक्यू," मी म्हणालो.

दाराशी तोंडाला पदर लावून आई बसलेली. तिने सगळं ऐकलं. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "ताप तुला, आन नाव त्याचं? तू मेलास तर रडायचं कुनाच्या नावानं?"

स्क्रीनवरचं सरांचं नाव खोडलं. माझं पूर्ण नाव टाकलं, आडनावासकट. कॅमेरा चालू केला. दाढी वाढलेली, मागे दोरीवर आईची लुगडी.

"आजारी मी आहे. पहिल्या तासापासून मीच शिकवतोय. सरांनी एकही तास घेतलेला नाही."

एक जण लगेच बाहेर पडला. त्याचं नेट गेलं की तो उठून गेला, मला ठाऊक नाही. टेबलावर फोन वाजायला लागला. विभागप्रमुख. कुणीतरी कळवलं असणार. मी तो बंद केला आणि राहिलेला धडा शिकवून संपवला.

दुसऱ्या दिवशी माझे तास काढून घेतले. घेऊ देत. मी भ्यालो होतो, म्हणून त्यांचं फावलं. आता माझं नाव लपवून माझ्याकडून कुणालाही एक अक्षर शिकवून घेता येणार नाही.