मामांनी आवळलेले स्क्रू

माझे मामा फौजेत आर्मरर होते. बंदुका चालवणारे नव्हे, दुरुस्त करणारे. वीस-बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या बंदुका उघडल्या, पुसल्या आणि परत जोडल्या. निवृत्त होऊन चाकूरला आले तेव्हा हाताला काम उरलं नाही. घरचा मिक्सर आणि शेजाऱ्यांचे फवारणीचे पंप, एवढंच. त्यामुळे मी तिशी ओलांडल्यावर नेमबाजी शिकायला लागले आणि हवेच्या दाबावर चालणारी रायफल घेतली, तेव्हा माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला.

मी लातूरला एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. दर रविवारी मामा सकाळच्या एसटीनं यायचे, चहा घ्यायचे आणि हॉलमध्ये सतरंजी अंथरून रायफल उघडायला बसायचे. रायफलीचं धड लाकडी दस्त्यात दोन स्क्रूंनी बसवलेलं असतं. ते स्क्रू काढायचे, नळी साफ करायची, परत सगळं जोडायचं. मी एकदा म्हटलं, "मामा, स्क्रूला किती जोर लागला ते मोजणारा पाना मिळतो."

"मोजायचं कशाला? हाताला कळतंय की," ते म्हणाले.

पहिलं वर्षभर सगळं छान चाललं. दहा मीटरवरून मारलेले पाच छर्रे एकाच भोकात जायचे. मग ते फाकायला लागले. एखादा आठवडा बरा जायचा, पुढच्या आठवड्यात पाच छर्ऱ्यांची पाच भोकं. मी स्वतःलाच दोष दिला. डोळे तपासून घेतले, नवा चष्मा केला. सरावाआधीचा चहा सोडला. छर्ऱ्यांचा डबा बदलून पाहिला, हवेची टाकी दर वेळी पूर्ण भरली. मामा म्हणायचे, "तुझा श्वास चुकायलाय, पोरी. घाई करू नको." मी मान हलवायची.

मी सरावाला जायची ती रेंज एका बंद पडलेल्या तेलगिरणीच्या गोदामात होती. तिथले प्रशिक्षक निलंग्याकडचे, मोजकं बोलणारे. एका बुधवारी त्यांनी माझ्या हातातून रायफल घेतली, दस्त्याला जुनं ब्लँकेट गुंडाळून तो लोखंडी शिकंज्यात पक्का केला आणि नुसता घोडा ओढत दहा छर्रे मारले. माणसाचा श्वास, खांदा, डोळा यांचा काही संबंधच उरला नाही. तरीही कागदावर भोकं फाकलेलीच.

"मॅडम, दोष तुमचा न्हाई, रायफलीचा हाय," ते म्हणाले आणि त्यांनी स्क्रू तपासले. पुढचा स्क्रू बोटानं फिरत होता. मागचा इतका आवळलेला, की त्याच्याखालचं लाकूड दबलं होतं.

"कुणी उघडली व्हती ही?"

"मीच," मी म्हणाले.

का म्हणाले ते तेव्हा मला नीट कळलं नाही. घरी जाऊन मी जुने टार्गेटचे कागद काढले. प्रत्येकाच्या मागे तारीख लिहायची मला सवय. फरशीवर आठवड्यांप्रमाणे मांडले. आठवड्याच्या आत काहीच बदलत नव्हतं. सोमवारी चांगलं, तर शनिवारपर्यंत चांगलं. सोमवारी वाईट, तर शनिवारपर्यंत वाईट. बदल व्हायचा तो फक्त रविवारी.

त्यानंतरच्या रविवारी मी मामांचा हात बघत बसले. पाना धरलेला अंगठा बारीक थरथरत होता. एक स्क्रू त्यांनी दोनदा आवळला आणि दुसरा आवळायचा राहिला. "झालं. आता बघ कशी लागती," ते म्हणाले. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. त्यांना बसस्टँडवर सोडून आले, पाना घेतला आणि दोन्ही स्क्रू स्वतः नीट बसवले.

पुढचे सात-आठ महिने मी दर रविवारी हेच केलं. छर्रे पुन्हा एका भोकात जायला लागले. मी मामांना कागद दाखवायची आणि ते मामीला फोनवर सांगायचे, "बसली बघ रायफल. लई कटकट केली, पण बसली." त्यांचा तो आवाज ऐकला की मला वाटायचं, आपण चांगलंच करतोय.

मग नांदेडला विभागीय स्पर्धा होती. मामा सोबत आले. दोघं पहाटेच्या गाडीनं निघालो. मैदानावर मी नाव नोंदवायला रांगेत उभी राहिले आणि रायफलीची पेटी त्यांच्याजवळ ठेवली. परत आले तेव्हा ते पेटी बंद करत होते. मी विचारलं नाही. पुकारा झाला होता.

सरावाच्या पहिल्या पाच छर्ऱ्यांतच मला कळलं. तिथल्या तिथे पाना मागून स्क्रू आवळता आले असते, नियमात बसत होतं. पण मामा माझ्या पाठीमागे तिसऱ्या खुर्चीत दुर्बीण घेऊन बसले होते. सगळ्यांसमोर रायफल उघडून त्यांची चूक दाखवायला हात धजला नाही. मी साठच्या साठ छर्रे तसेच मारले. पुढच्या फेरीसाठी माझं नाव लागलं नाही.

परतीच्या एसटीत मी रायफलीची पेटी पायांजवळ ठेवली. नांदेड मागे पडल्यावर मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सकाळी स्क्रू म्या आवळले व्हते."

"माहीत आहे."

"दर रविवारी मी गेल्यावर तू परत आवळत व्हतीस का?"

खोटं बोलायची ताकद राहिली नव्हती. "हो, मामा."

त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला आणि त्यावर डावा ठेवून दाबून धरला. "मला सांगायचं ना," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. चाकूरला उतरताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी मामी त्यांना घेऊन लातूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे आल्या. मीही गेले. डॉक्टरांनी मामांना हात पुढे करायला लावले, बोटं उघडझाप करायला लावली, खोलीत चालायला लावलं. कंपवात आहे म्हणाले. मग विचारलं, "हे कधीपासून आहे?"

मामी म्हणाल्या, "आत्ताच, महिना-दीड महिना झाला असंल."

मामा माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं, "वर्ष होत आलं." मामीनं झटकन माझ्याकडे वळून पाहिलं.

डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "आधी आला असता तर एवढे दिवस त्रास काढावा लागला नसता. गोळ्यांनी पुष्कळ फरक पडतो." त्यांनी ते सहज म्हटलं, कुणाला बोल लावायला नाही. मामीनं घरी जाईपर्यंत माझ्याशी एक शब्द काढला नाही. नंतर काढला, पण पूर्वीसारखा नाही.

गोळ्यांनी खरंच फरक पडला. मामा सकाळी स्वतःच्या हातानं दाढी करतात, उतारावर जरा जपून चालतात. लातूरला मात्र येत नाहीत. महिन्यातून एखाद्या रविवारी मीच चाकूरला जाते. सोयाबीन कसं आहे, गल्लीत कोण वारलं, कुणाची मुलगी नांदेडला नोकरीला लागली, असं बोलणं होतं. रायफलीचा विषय ते काढत नाहीत. मागच्या वेळी निघताना मीच म्हटलं, "मामा, मला तेव्हाच बोलायला पाहिजे होतं."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "गाडी निघंल तुझी. जा."