एका नावावर चौघीजणी

चारचौघांत मान खाली घालायला लावण्यात आमच्या भाऊजींचा हात धरणारा माणूस सौंसर तहसिलीत तरी मला भेटलेला नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. सौंसरजवळच्या एका मोठ्या सूतगिरणीत कॉम्प्युटरचं सगळं काम त्यांच्याकडे होतं. गिरणीच्या शाखा चार राज्यांत, आणि सगळीकडे सॉफ्टवेअर एकच. त्याचं वर्षाचं भाडं माणशी लागे. जितकी नावं चढवाल तितकी लायसन्सं, मग तो माणूस दिवसभर त्यावर बसो की महिन्यातून एकदा डोकावो. ही गोष्ट भाऊजींच्या जिवाला अशी काही लागली होती की घरीदारी त्यांना दुसरं दिसतच नसे. माझ्या मुलाच्या बारशाला पाळण्यात वाकून ते म्हणाले, "चला, घरात एक युझर वाढला." मोहगावच्या लग्नात तर नवऱ्या मुलाचे काका त्यांच्याच गिरणीत अकाउंट्सला निघाले. भरल्या पंगतीत भाऊजींनी त्यांना गाठलं. "काकाजी, तुम्ही रिटायर कधी होऊन राहिले? मार्चच्या आधी झाले तर आमचं एक लायसन्स वाचते." काकांच्या हातातला घास हातातच राहिला. मी मुलीकडचा, बुंदीचं ताट घेऊन समोर उभा होतो. वाढावी की पळून जावं, कळेना.

पण खरी लाज लोधीखेड्याला वाटली. गिरणीतले हेडक्लार्क वारले होते. अतिशय सालस गृहस्थ, कोणावर कधी आवाज चढवला नसेल. भेटायला जाताना ताईनं मुद्दाम मला सोबत दिलं होतं. भाऊजी डोळे पुसत बसले, आणि निघताना हेडक्लार्कच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सिस्टिममध्ये तुमचे बाबूजी मार्चपर्यंत जिवंत आहेत." मी चपला शोधायच्या निमित्तानं बाहेर आलो.

त्याच सुमारास गिरणीत माल रवाना करायचं नवं ऑफिस उघडलं आणि तिथे चार बाया कामाला लागल्या. हेड ऑफिस लायसन्सं मंजूर करेना. मॅनेजर म्हणाले, "जमवा काहीतरी." भाऊजींनी जमवलं. हेडक्लार्कचं नाव आणि पासवर्ड त्यांनी चौघींना देऊन टाकला. एक उठली की दुसरी बसे. मार्च आला, त्या नावाचं भाडं पुन्हा भरलं गेलं, आणि काम सुरळीत चालू राहिलं.

मग सॉफ्टवेअर कंपनीचे लोक तपासणीला आले. भर मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, वारलेला माणूस रोज सकाळी कामावर कसा येतो? मॅनेजर मोबाइलमध्ये बघू लागले. भाऊजी उठून उभे राहिले. "माह्यं काम आहे ते," एवढंच म्हणाले. गिरणीला दंड बसला, आणि भाऊजींची बदली कापसाच्या गोदामात झाली.

मी पांढुर्ण्याला शाळेत शिकवतो. आमच्या स्टाफरूमपर्यंत ही गोष्ट हसतखिदळत येऊन पोचली. मी त्या रविवारी सौंसरला गेलो. भाऊजी मागच्या खोलीत पडून होते. महिनाभर ते कुठल्या लग्नाला गेले नव्हते, पानठेल्यावरही दिसले नव्हते.

"मॅनेजरचं नाव का नाही घेतलं तुम्ही?" मी विचारलं.

ते भिंतीकडे तोंड करूनच बोलले. "त्यानं जमवा म्हटलं, दिनू. मेलेल्या माणसाचं नाव घ्या, असं नाही म्हटलं. ते मले सुचलं. आता हेडक्लार्कच्या पोराले काय तोंड दाखवू?"

तेवढ्यात बाहेर कोणी आलं, म्हणून मी पुढच्या खोलीत गेलो. त्या चौघींपैकीच एक होती, प्रज्ञा नावाची, डब्यात कोथिंबिरीच्या सांबारवड्या घेऊन आलेली. दंड भरल्यावर गिरणीनं चौघींच्या नावानं वेगवेगळी लायसन्सं विकत घेतली होती, ते सांगायला ती आली होती. "भाऊंले बोलवा ना," ती ताईला म्हणाली. ताई आत जाऊन आली आणि म्हणाली, "झोपले आहेत." मधला पडदा हलत होता, त्याखाली भाऊजींचे पाय दिसत होते. प्रज्ञानं ते पाहिले आणि मान वळवली. आम्ही तिघं चहा पीत बसलो.

ती जायला उठली, तेव्हा पडद्याआडून खाकरल्याचा आवाज आला.

"स्पेलिंग बरोबर टाकलं ना तुझ्या नावाचं? ते लोकं काहीबी लिहितात."

"बरोबर आहे भाऊ," ती म्हणाली. "मी पाहिलं."

"बरं," भाऊजी आतून म्हणाले. मग थोड्या वेळानं पुन्हा, हळूच, "बरं झालं."