टाचेखालचा कागद

आमच्याकडे रग्बीचा संघ काढला तो कबड्डीच्या एका प्रशिक्षकानं. कबड्डीत गर्दी फार, रग्बीत कमी, म्हणून राज्य संघात लवकर नंबर लागतो, एवढंच त्यांचं क्रीडाशास्त्र. निवड चाचणीच्या आठवडाभर आधी ते आठ मुली घेऊन सावंगीला माझ्या दवाखान्यात आले. मी फिजिओथेरपिस्ट. त्यांना माझ्याकडून तपासणी नको होती, तंदुरुस्तीच्या दाखल्यांवर नुसत्या सह्या हव्या होत्या.

तपासल्याशिवाय मी सही करत नाही.

डोळे मिटून एका पायावर उभ्या राहा म्हटलं, तर निम्म्या जणींनी टेबल धरलं. प्रशिक्षक हसले. "मॅडम, मॅचमध्ये डोळे उघडेच राह्यतात ना!" हा माणूस वर्षानुवर्षं पोरींना मैदानावर पळवतो आहे.

उडी मात्र सगळ्यांच्या आवडीची. बोटांना खडू लावून भिंतीवर खूण करायची. सगळ्यात उंच खूण हिंगणीच्या मुलीची.

"पाहा, पोट्टी कशी उडते!" प्रशिक्षक म्हणाले.

मी ती खाली कशी येते ते पाहिलं. सगळा भार डाव्या पायावर. उजवा नुसता टेकवलेला.

मग घोट्याची चाचणी. अंगठा भिंतीपासून चार बोटं दूर ठेवायचा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. टाच हळूच उचलणारे भरपूर, म्हणून मी टाचेखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवते. टाच खरंच टेकलेली असली तर ओढताना तो फाटतो. तिचा गुडघा भिंतीला लागला आणि कागद अख्खा माझ्या हातात आला.

"घोटा कधी मुरगळला?"

"पंधरा दिवस झाले. पण बरा झाला. मावशीनं पाय फिरवला."

मावशी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय लागला की लचक जाते, असं गावात मानतात.

"झालं तर मग," प्रशिक्षक म्हणाले. "करा सही. हे सिलेक्शन गेलं तर खेळाडू कोट्यातली नोकरी गेली पोरीची. आम्ही तर असे घोटे बांधून खेळलो."

"म्हणूनच आज जिना कठडा धरून चढलात."

मुलगी हसली नाही. ती माझ्या पेनकडे पाहत होती. बाकीच्या डगमगत्या असल्या तरी दुखावलेल्या नव्हत्या, त्यांना सह्या दिल्या. तिचा दाखला कोरा परत केला.

सोमवारी ती मावशीला घेऊन आली. अंधश्रद्धेवरचं माझं भाषण तयार होतं. मावशीनं मला तोंडच उघडू दिलं नाही.

"मॅडम, म्या हिले तवाच सांगतलं होतं, महिनाभर उड्या मारू नको. हे बोलली का तुमाले?"

मुलगी खाली पाहत म्हणाली, "सर म्हणे, मावशीले काय कळते."

मावशीला अक्षर येत नाही. प्रशिक्षकांच्या भिंतीवर तीन प्रमाणपत्रं आहेत. मी भाषण गिळलं आणि व्यायाम सुरू केले.

निवड रविवारी होती. त्या सकाळी संघाची गाडी गेली, आणि ती माझ्या भिंतीपाशी उभी होती. अंगठा भिंतीपासून दोन बोटांवर. टाचेखाली कागद तिनं स्वतःच ठेवला.

"ओढा."

मी ओढला. कागद फाटला. दोन बोटांची चार व्हायला अजून महिना लागेल, असं मी तिला सांगितलं. तिनं दुसरा तुकडा घेतला.