सीडीचं बारसं

आमच्या साहेबांना एक खोड होती. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तयार झाली की तिला ते तीन इंग्रजी अक्षरांचं नाव द्यायचे, आणि त्या अक्षरांचा अर्थ काही केल्या सांगायचे नाहीत. व्हीकेटी. एमडीबी. जीकेपी. विचारलं की चष्मा काढून पुसत बसायचे आणि म्हणायचे, "इट्स इंटर्नल." अहो, पण आम्हीच तर इंटर्नल! आमच्याहून आत आणखी कोण बसलं होतं?

माझं काम टेस्टिंगचं. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा. लालबागच्या चाळीत वाढलेल्या मुलीला हे वेगळं शिकवावं लागत नाही. माझ्याच टेबलापाशी समोर बसायचा तो प्रोग्रॅम लिहिणारा, वरळीच्या कोळीवाड्यातला. त्याची आई दादरच्या बाजारात मासळी विकायची, आणि माझ्याशी भांडताना तो तिच्याच आवाजात भांडायचा. आम्ही त्याला कोळीवाडाच म्हणायचो. आमची कंपनी पतपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. ऑफिस परळला, एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात. गिरणी बंद झाली तशी तिच्यातले मजले भाड्याने गेले होते. एका मजल्यावर आम्ही, खाली कुणाचं तरी फर्निचरचं दुकान.

ती गिरणी माझ्या बाबांची. म्हणजे मालकीची नव्हे हो, कामाची. बाबा तिथे साच्यावर होते, कापड विणायचे. मी लहान असताना कामगारांना स्वस्तात मिळणारे कापडाचे तुकडे ते घरी आणत. त्या तुकड्यांच्या काठावर इंग्रजी अक्षरांचे शिक्के असायचे. बाबांना एबीसीडी आली ती त्या काठांवरून. मला मांडीवर घेऊन ते एकेका शिक्क्याचा अर्थ लावायचे. एसबीके? "सासू बसली कोपऱ्यात." पीएमटी? "पावणो मागता तूप." मी खिदळायचे, आई जेवायला हाका मारून थकायची.

मग संप झाला. कापड बंद, शिक्के बंद, बाबांचे अर्थही बंद. संप कधी संपला ते मला विचारू नका, कारण आमच्या घरी तो संपलाच नव्हता. चाळीच्या गॅलरीत एक बाकडं होतं, त्यावर बाबा आणि त्यांच्या खात्यातले तिघे काका बसायचे. चौघांचं म्हणणं एकच, "संप मागे घेतलो असा कोणी सांगल्यान? नाय ना? मग आमी संपार." गिरणीच्या गेटातून पुन्हा आत पाऊल टाकायचं नाही, हे त्यांनी एकमेकांना दिलेलं वचन. गिरणीचं कुलूप गंजलं, चिमणी थंड पडली, तरी चौघे आपले संपावर. पोटासाठी बाबा कॉटन ग्रीनला कापसाच्या गोदामावर रात्रपाळीचे वॉचमन झाले. पण कुणी विचारलं, काय करता, तर उत्तर ठरलेलं, "संपावर आहे." मला कॉलेजात असताना याची इतकी लाज वाटायची, की मैत्रिणींना मी सांगायचे, बाबा रिटायर झालेत.

आणि मला नोकरी लागली ती नेमकी त्याच आवारात. घरी सांगितलं तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. बाबांनी चहाची बशी खाली ठेवून विचारलं, "गेट खंयचा?"

"तेच. मोठं."

त्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "तू जा. शिकलंस, जा. मी येवचंय नाय." आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसले. काकांपैकी कुणीतरी काहीतरी टोचून बोललं असणार, कारण बाबा त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर ड्युटीवर निघून गेले.

तर ती पहिली आवृत्ती, व्हीकेटी. एक बटण दाबावं, चहा पिऊन यावं, मग पडदा हलणार. त्या दिवशी घरी येऊन मी पिशवी आपटली आणि कुरकुर सुरू केली, "व्हीकेटी म्हणे! काय असेल या मेल्याचा अर्थ?" बाबा ड्युटीला निघायच्या तयारीत होते. डबा पिशवीत घालता घालता, मान वर न करता म्हणाले, "वेळकाढू तंत्र."

व्ही, के, टी. वेळ, काढू, तंत्र. अगदी बसलं! आईच्या हातातली पळी आमटीत पडली. मी हसले, आई हसली, आणि शेवटी बाबाही हसले. संपानंतर ते असे हसलेले मी पाहिलेच नव्हते. मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांकडे पाहून उगाच गोड हसले. ते बिचारे दिवसभर संशयाने बघत राहिले.

त्या दिवसापासून आमच्या टेबलाला नाद लागला. एमडीबी आलं, त्यात आकडे डोळ्यांसमोर नाचायचे, बाबा म्हणाले, "माझं डोकं बधिर." जीकेपीमध्ये दोन दिवसांपूर्वीच्या नोंदी गायब व्हायच्या. त्यावर कोळीवाड्याने अर्थ लावला, "गेलं कुठं परवाचं?" बाबांनी निरोप पाठवला, "पोरगो हुशार आसा." बीडीएस मात्र माझं. पतपेढीवाल्यांचा फोन आला की आम्ही जे सांगायचो तेच, "बघू, दुपारी सांगतो." साहेबांच्या अक्षरांचा खरा अर्थ काय होता, देव जाणे. आम्हाला त्याची गरजही उरली नव्हती.

मग कोळीवाड्याच्या डोक्यातून निघालं, "अगं, नाव ठेवतो तर बारसं नको?" झालं. आवृत्ती तयार झाली की आम्ही तिची एक सीडी काढायचो, फायलींच्या ट्रेमध्ये रुमाल अंथरून निजवायचो आणि ट्रे हलवायचो. आई डबा भरून घुगऱ्या द्यायची. आत्या मी. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं असतं. सीडीला कान नसतो, पण मधोमध भोक असतं, तेवढं पुरे. साहेब मीटिंगला गेलेले बघूनच हे चालायचं.

नावाची चिठ्ठी बाबा लिहायचे. संपात मोर्चाचे फलक त्यांनी रंगवले होते, तेव्हा हात बसला होता. गोल स्टिकरवर स्केचपेनने असं काही अक्षर काढायचे की पाहात राहावं. ड्युटीवर जाताना वाट वाकडी करून ते गिरणीच्या गेटाबाहेरच्या टपरीवर थांबायचे. मी गेटाच्या आत, ते बाहेर, आणि मधल्या रेषेवरून चिठ्ठी माझ्या हातात. बूट रेषेला कधी लागू द्यायचे नाहीत. निघताना हटकून विचारायचे, "चेडवा, कायम केल्यानी?"

कारण मी कायम नव्हते. साहेब म्हणायचे प्रोबेशन, बाबा गिरणीच्या भाषेत म्हणायचे बदली कामगार. संपानंतर आमच्या घरात कुणालाच कायमची नोकरी नव्हती. बाबांचं गोदाम कधीही "उद्यापासून नको" म्हणू शकलं असतं, आई लोकांचे डबे करायची. माझं कायम होणं हे आमच्या घरचं पुढचं सगळं होतं. गॅसपासून आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनपर्यंत प्रत्येक गोष्ट "तू कायम झालंस की" या वाक्यावर येऊन थांबायची.

अशात आली एनटीके. हिची खोड अशी, की पतपेढीतला माणूस पैसे भरून घेत असताना मध्येच पडद्यावर एक चौकोन उगवायचा आणि विचारायचा, तुम्हाला खात्री आहे का? बाबांनी क्षणात नाव दिलं, "नको तिथं कडमडणारा." स्टिकरवर हिरव्या-लाल अक्षरांत, खाली वेलबुट्टी. आम्ही चौकोन काढून टाकला, पण नाव इतकं झकास की बारसं केलंच. घुगऱ्या खातोय तोच साहेबांचा फोन, दादरच्या मोठ्या पतपेढीला सीडी आत्ताच्या आत्ता हवी, माणूस खाली उभा आहे. धावपळ, पाकीट, डिंक, सही. आणि पाळण्यातली सीडी पाकिटात गेली. ती कुणी भरली यावर आजही एकमत नाही. मी म्हणते त्याने, तो म्हणतो मी.

दादरला काय झालं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. नव्या सॉफ्टवेअरचा मुहूर्त, कॉम्प्युटरला हार, नारळ, झाडून सगळे संचालक. अध्यक्षांनी पाकीट उघडलं आणि जमलेल्यांसमोर मोठ्याने वाचलं, "नको तिथं कडमडणारा." त्यांना वाटलं, हे त्यांच्यावरच. पतपेढीत त्यांच्याबद्दल तशी कुजबुज होतीच म्हणे! त्यांनी सीडी परत पाठवली आणि साहेबांना फोनवर अर्धा तास झाडलं.

दुपारी साहेब आमच्या टेबलापाशी आले. सीडी समोर ठेवली. "हे अक्षर कुणाचं?"

कोळीवाडा उभा राहिला. "माझं, सर." साहेबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याचं अक्षर त्याला स्वतःलाही वाचता येत नसे, हे कंपनीभर माहीत होतं.

मी म्हटलं, "माझ्या वडिलांचं."

"बोलवा त्यांना. मला त्यांच्याशी बोलायचंय. नाहीतर उद्यापासून तुम्ही येऊ नका."

"ते इथे आत येत नाहीत, सर."

"का?"

"संपावर आहेत."

साहेब लाल झाले. त्यांना वाटलं मी त्यांचीही चेष्टा करतेय. "संध्याकाळी हिशेब घेऊन जा," म्हणाले आणि केबिनचं दार आपटलं. मी ड्रॉवर आवरायला घेतला. बाबांना मी बोलावलं नसतं. नोकरी गेली तरी नसतं बोलावलं. चिडून रडत होते आणि रडतेय म्हणून आणखी चिडत होते. कोळीवाडा कधी उठून गेला ते मला कळलंच नाही. बाबांची टपरीवर यायची वेळ झाली होती.

थोड्या वेळाने मान वर केली तर काचेच्या दारात बाबा. खाकी गणवेश, हातात डब्याची पिशवी. बूट बाहेर काढून आत आले होते. मागे कोळीवाडा, धापा टाकत. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. विचारलं, "साहेब खंय बसतत?" आणि सरळ केबिनमध्ये गेले. मी मागोमाग धावले.

साहेबांशी बोलताना त्यांनी भाषा बदलली, पूर्वी मॅनेजरशी बोलायचे तशी. "साहेब, अक्षर माझं आहे. नावंसुद्धा मीच ठेवतो. मुलीचा यात दोष नाही. बोलायचं ते मला बोला."

साहेबांना बहुधा कुणी टगा येईल असं वाटलं होतं. त्यांनी गणवेश बघितला, अनवाणी पाय बघितले. "बसा."

"नको."

"चहा मागवतो."

"आत चहा घेत नाही, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग सीडी उचलून तिरकी धरून पाहिली. "आधीची नावं काय होती?" बाबांनी सांगितली. वेळकाढू तंत्र. माझं डोकं बधिर. बघू, दुपारी सांगतो. ओळीने, हजेरी द्यावी तशी. साहेबांनी ओठ दाबून धरले, मग मान खाली घातली, आणि खांदे हलायला लागले. हसत होता तो माणूस! "नावं बरोबर आहेत हो," ते म्हणाले, "पण गिऱ्हाइकाला सांगायची नसतात. अध्यक्षांची मी समजूत घालतो." मग माझ्याकडे वळून, "ड्रॉवर परत लावा."

बाबा नमस्कार करून निघाले. दाराबाहेर त्यांनी बूट चढवले, मी त्यांच्याबरोबर गेटापर्यंत गेले. बाहेर पडल्यावर फक्त म्हणाले, "ड्युटीक उशीर झालो," आणि कॉटन ग्रीनच्या दिशेने चालायला लागले. मला त्यांच्यामागे जावंसं वाटत होतं, पण वर ड्रॉवर लावायचा होता.

सकाळी ते ड्युटीवरून आले तेव्हा बातमी त्यांच्याआधी चाळीत पोचली होती. आमच्या गेटवरचा वॉचमन शेजारच्याच चाळीतला. बाकड्यावर तिघे काका बसले होते, पत्ते हातात, पण खेळत कुणीच नव्हतं. मी दाराआड उभी होते. या माणसाला माझ्यामुळे आता बाकड्यावरही जागा राहणार नाही, असं मला वाटत होतं.

सर्वांत थोरले काका म्हणाले, "आत गेललंस म्हणे?"

बाबांनी पिशवी खाली ठेवली. "गेललंय. माझां चेडू आत होतां."

मग थोरल्या काकांनी तिघांच्या हातातले पत्ते परत घेतले, पिसले, आणि चौघांना वाटले.